मागचा भार

नेस्टर ह्रित्साकची शववाहिका रोज रात्री बसायची.
संध्याकाळी नीट उभी; सकाळी बघावं तर
पुढचे पाय ताठ, मागून टेकलेली,
दारातलं कुत्रं बसतं तशी.

एथेलबर्टला जानेवारीत उणे चौतीस.
मागच्या चाकांवरचे हवेचे फुगे
रबराचे, सतरा वर्षांचे, घडीघडीला तडकलेले.
कॉम्प्रेसर हवा भरायचा, हवा निघून जायची,
तो पुन्हा भरायचा.
मेट्रो बाबियाकच्या वेळी तर चर्चच्या दारात,
आत अखेरची प्रार्थना चाललेली
आणि बाहेर बॉनेटखाली घर्र घर्र घर्र.
नेस्टर म्हणाला, तोंड लपवायला जागा उरली नाही.
स्प्रिंग टाक. साधी. पोलादाची.

आधी डिकीतला स्विच बंद.
बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, ब्रेकच्याही आधीची:
नाहीतर जॅकवर चढवलेली गाडी
अजून स्वतःला जमिनीवरच समजते
आणि तोल सावरायला जाते. तू खाली असतेस.

मग व्हॉल्व्ह थोडा फिरवला. थांबले.
लांबच लांब सुस्कारा. जुन्या फुटबॉलचा वास.
गावातल्या अर्ध्या कबरींपर्यंत पोचवून आलेली हवा
माझ्या मनगटावरून गेली, गार.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा एक बोल्ट गंजून चिकटलेला.
तापवला, तेल पाजलं, शिवी दिली. शिवीनंतर तुटला.
अ‍ॅक्सल खाली सोडला, स्प्रिंगच्या डोक्यावर रबरी टोपी चढवली,
टाचेनं रेटत रेटत तिला तिच्या जागी बसवलं.
दुसऱ्या बाजूला तेच, फक्त शिव्या कमी.
डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा मात्र विझेना:
ज्या हवेची तो काळजी करत होता
ती आता नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.
शेवटी बल्बच काढला.

जॅक उतरवला तर गाडीची शेपटी वर!
"ही काय वरातीला निघालीय?" नेस्टर.
"रिकामी आहे म्हणून. वजन पडलं की बसेल."
"कोणाचं?"

बाबांनी बूट काढले.
अठ्ठ्याहत्तर वर्षं, ब्याण्णव किलो,
रोलरवरून सरकत आत गेले, छातीवर हात घेतले.
मी गुडघ्यावर बसून मापपट्टी धरली.
आतून आवाज: "किती?"
"चार सेंटिमीटर."
"बस्स?"
जरा नाराजच झाले.

हवेचं एक बरं होतं, ती चुगली करत नसे.
धान्याच्या कोठारांचा मालक असो
की काडी झालेली शिवणवाली पारास्का,
गाडी जायची तेवढ्याच उंचीवरून.
स्प्रिंग तसं काही पाळत नाही.
मला खोडच लागली, चाक आणि मडगार्ड यांतली फट बघायची:
दोन बोटं, तीन बोटं.
नाव नंतर कळायचं, वजन आधी.

एप्रिलात रस्ते चिखलाचे झाले.
त्या दिवशी पेटी एवढीशी,
माझ्या हत्यारांच्या पेटीहून वीतभर मोठी.
गाडी गॅरेजवरून हळूहळू गेली
आणि तिची शेपटी तशीच वर, रिकामी असल्यासारखी.
स्प्रिंगला कळलंसुद्धा नव्हतं.
मागच्या गाडीत आई होती. तिला समोर तेच दिसत असणार,
सबंध अकरा किलोमीटर.
बाबांनी टोपी काढली आणि जमिनीकडे बघत राहिले.
मी हातातला पाना पुसत होते, पुसून झालेला.

दुसऱ्या दिवशी नेस्टर आला,
बिलाचे उरलेले साठ डॉलर टेबलावर ठेवले,
दारापर्यंत गेला, वळला.
"गव्हाचं एक पोतं किती खाली नेईल?"
"दोन ठेव," मी म्हटलं. "पडद्याच्या आड."