रात्रीची लाईट

या आठवड्यात लाईट बारा ते सहा.
मोटार चालू केली, संत्र्याला पाणी सोडलं
आणि मोटारीच्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली
त्याचं पुस्तक उघडलं.

रजिस्टरात नोंद करताना झिंगराजी हसला होता:
"यानं तुले उंबऱ्यात उभं केलं नसतं, निरंजना.
काहून वाचतं याले?"
मी म्हटलं, त्याले आता कोण विचारते.

पण पान एकशे बारा.
वस्तीतल्या माणसांबद्दल त्यानं जे लिहिलंय
ते वाचून पुस्तक स्टार्टरच्या पेटीवर आपटलं.
बाहेर गेले, दांड वळवला,
चिखलाचे पाय घेऊन परत आले.
समासात कोणीतरी पेन्सिलनं: खोटं.
त्याखाली, दुसऱ्या अक्षरात: हो. पण पुढं वाच.

पुढं विहीर होती.
उन्हाळ्यात तळाशी उरलेलं हातभर पाणी,
त्यात भरदुपारी नऊ-दहा मिनिटंच उतरणारं ऊन,
कपारीतल्या पारव्याची मान,
आणि दोर घासून घासून काठाच्या दगडाला पडलेली खाच.
दगडाला इतक्या मायेनं कोणी हात लावलेला
मी पाहिला नव्हता.

माझी आजी त्या विहिरीवर ओंजळ धरून बसली असती,
वरून कोणी ओतेल तोवर.

मी ते पान तीनदा वाचलं.
कोणाला न विचारता.

साडेतीनला लाईट गेली.
दांडातलं पाणी तरी थोडा वेळ चालत राहिलं.
पेन्सिल नव्हती. अंधारात समासात
नखानं एक रेघ ओढली.
कोणाच्या शब्दाखाली पडली
ते सकाळी पाहीन.