भिंतीतली लव

तीन आठवडे टॉवेल दोनदा फिरवत होते,
मशीनलाच शिव्या देत.
कायतान आला, रायबंदरच्या चढावरून धापा टाकत,
ड्रायर पुढे ओढला, नळीला नाक लावलं:
"बाय, हांगा करपिल्ल्याचो वास येता."

मग निघतच राहिली लव.
राखाडी, सशाच्या कातड्यासारखी.
तिच्यात निळा धागा, शाळेच्या गणवेशाचा:
साईशची दहावी होऊन दोन वर्षं झाली.
थोडं कुंकवाचं लाल. आणि पांढरं बरंच,
दादांच्या आजारातल्या चादरींचं;
त्या तर मी जाळायला दिल्या होत्या.

बाहेरच्या झडपेवर कुंभारमाशीनं
मातीचं घर बांधलेलं, पक्कं.
हवा जाणार कुठून?
"एक ठिणगी पुरो." कायताननं चुटकी वाजवली.
प्लास्टिकची नळी भंगारात गेली,
नवी पत्र्याची, आखूड, एकाच वळणाची.

आता प्रत्येक फेरीनंतर
दोन बोटांनी जाळी साफ करते.
आषाढ आहे, दोरीवर काही वाळत नाही,
तरी रात्री मशीन लावून झोपत नाही.

पांढरी तेवढी एक मूठ
अजून खिडकीत आहे.
काड्यापेटीपासून लांब.