रफार

आमचं आडनाव पारसनीस. म्हणजे फारसी लिहिणारा.
कुणी पूर्वज कुठल्याशा दरबारात खलिते लिहीत असेल;
माझ्यापर्यंत त्यातलं एवढंच पोचलं
की बेलापूरच्या विभाग कार्यालयात, जन्म-मृत्यूच्या खिडकीत,
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली.
फारसीचं एक अक्षर येत नाही.

दोन हजार एकच्या ऑगस्टात दिवाळ्याहून चांगा कोळी आला.
पोटऱ्यांवर खाडीचा चिखल, वाळून पांढरा पडलेला.
"पोरीचा नाव दर्या. लिवा."
दया?
"दया नाय. दर्या. त्यो काय, तिकरं."
आणि भिंतीकडे बोट केलं,
बरोबर त्या भिंतीकडे, जिच्या मागे खाडी आहे.

त्या वर्षी मुली साक्षी होत होत्या, सिद्धी, सानिका,
एका दिवसात चार-चार.
दर्या माझ्या रजिस्टरांत तीनदाच.
एक ही.
एक तुर्भ्याची, तिची आई महिन्याभरात येऊन
तिला दिया करून घेऊन गेली.
आणि एक मृत्यूच्या वहीत:
दर्याबाई, राहणार सारसोळे, वय अंदाजे नव्वद.

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना ती आली.
खांद्यावर सॅक, हातात लॅमिनेट केलेला दाखला.
"काका, यात माझं नाव चुकलंय."

पाहिलं. दऱ्या.
अक्षर माझंच.
जो र डोक्यावर जायचा, तो मी आडवा पाडला होता.
बापाने समुद्र मागितला
आणि मी डोंगरांमधली पोकळी लिहून दिली.
बावीस वर्षं ही मुलगी
सह्याद्रीतलं एक अनेकवचन होती.
(हजेरी घेताना सर विचारायचे, म्हणाली,
एकटीच आलीस? बाकीच्या कुठायत?)

शेजारच्या टेबलावरून वाकसकर म्हणाले,
बदलतेच आहेस, तर आपल्यातलं घे की एखादं. सागरिका वगैरे.
ती म्हणाली, "दरसाल एक नारळ घेतो तो आमच्याकडून.
परका घेईल का?"
वाकसकर चष्मा पुसत बसले.

मी अर्ज पुढे केला.
अर्ज, कागद, दाखला, शिक्का.
आज पहिल्यांदाच टेबलाकडे नीट पाहिलं:
पूर्वजाची सगळी इस्टेट इथेच पसरली होती.

ती लिहिता लिहिता सांगत होती.
तुर्भ्याच्या मार्केटात, सुक्या मेव्याच्या गाळ्यावर हिशेब बघते.
काबूलचा एक व्यापारी येतो, अंजीरवाला.
नाव ऐकून खूश झाला. आमच्याकडे दर्या म्हणजे नदी, म्हणाला,
समुद्र तर आम्ही पाहिलेलाच नाही.
मग खजूरवाल्याचा फोन आला, इराणातून.
तो म्हणाला, नदी कुठली? दर्या म्हणजे समुद्रच.
"भाषा दोघांची एकच म्हणे. आता सांगा, मी कोण?"

मला सांगता येईना.
तिलाही उत्तर नको होतं बहुतेक.
"भरतीला हा, ओहोटीला तो," म्हणाली,
आणि सही केली. सहीत रफार होता,
नावापेक्षा मोठा.

संगणक दोनदा अडला. दोनदा त्याने दऱ्याच उमटवलं.
तिसऱ्यांदा र, मग पायमोड, मग या,
एकेक बटण दाबत, श्वास धरून.

शेऱ्याच्या रकान्यात दुरुस्तीचं कारण लागतं.
लिहिलं: लिपिकाची चूक.
खोडलं.
कारकुनाची चूक.

"दोन प्रती द्या," ती म्हणाली. "एक बाबांना.
त्यांना वाचता येत नाही.
पण वर काहीतरी पाहिजे एवढं त्यांना माहितीय.
जुना दाखला आला तेव्हाच म्हणाले होते,
होडी दिलीय, शीड कुठाय?"

वीस रुपये. पावती फाडली.
माझ्याकडे सुट्टे नव्हते, तिच्याकडे होते.