पाळी

कलिन्याच्या गावठाणातला क्रूस
या महिन्यात आमच्या घराकडे.
म्हणून पहाटे, इनासची डायलिसिसची फाइल पिशवीत घातली की
मासळीची जुनी सुरी घेऊन जाते,
पायथ्याचं मेण खरवडते.

शेजारणींना वाटतं, प्रार्थना चाललीय.
उपवासकाळापासून बोलणं बंद आहे आमचं,
त्याचं नि माझं.
टेम्पो घासला तेव्हा
त्याच्या पायाचा अंगठा तुटला.
सिमेंट कुणी लावलं नाही.
मीही नाही.

काल सुई टोचताना इनास म्हणाला,
"क्रूसाला फुलं घातलीस गो?"
घातली, म्हटलं.
खोटं.

आज घातली. शिळा झेंडू.
अंगठ्यावरच ठेवला, जरा दाबून.

खरवडलेल्या मेणानं डबा भरत आलाय.
वात तेवढी आणायची राहिलीय.