एकतीस सप्टेंबर

डंडीच्या धक्क्याजवळ नवी शाळा उभी राहतेय,
तिथला एक कंटेनर म्हणजे माझं ऑफिस.
एक हीटर, एक किटली,
आणि आधीचा माणूस जाताना
मागे टाकून गेला ते अकरा खोके.

परवा ऑडिट. म्हणून सगळे जमिनीवर उपडे केले.
शिड्यांची तपासणी निघाली हजेरीत,
हजेरी विम्याच्या पोटात,
आग विझवायच्या नळकांड्यांच्या यादीवर
चहाच्या कपाचा गोल,
शिक्क्याहून ठसठशीत.

लाल फाईल अपघातांची. हिरवी प्रशिक्षणाची.
पिवळी, ‘थोडक्यात वाचलो’,
ती सगळ्यात रोड.
दोन वर्षांत चार कागद.
इथे कुणी थोडक्यात वाचलं नाही,
की वाचलेल्याला लिहायचा कंटाळा?

रिमांतासच्या अर्जावर
‘संकटात कुणाला कळवावं’ याखाली एक नंबर.
लावून पाहिला, तर आर्ब्रोथची बेकरी.
त्याला विचारलं, तो कानापर्यंत लाल झाला :
पहाटे चारला जागी असणारी
तेवढीच माणसं मला नावाने ओळखतात.
‘नातं’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘पाव’.
मी ते खोडलं नाही.

आणि मग, नवव्या खोक्याच्या तळाशी, ही ओळ :
परांची, तिसरा टप्पा. सगळे क्लॅम्प पाहिले. ठीक.
दिनांक एकतीस सप्टेंबर.

आधी हसले.
मग मूठ वळून उंचवटे मोजले,
शाळेत मोजायचे तसे.
सप्टेंबर खळग्यातच पडला.
जो दिवस कधी उगवलाच नाही
त्या दिवशी कुणीतरी वर चढलं होतं म्हणे,
एकेक सांधा हलवून पाहिला होता,
आणि खाली येऊन झोकदार सही केली होती.

सही फर्गसची. सव्वीस वर्षं परांच्या बांधतोय.
खिडकीतून टे नदीकडे बघत म्हणाला,
महिनाअखेरीला एकदम भरतो गं,
हात आपोआप चालतो.
हात चालला, फर्गस. पाय चालले होते का?
तो काही बोलला नाही.
किटलीच तेवढी बोलत राहिली.

तो कागद मी फाडला नाही,
तारीखही सुधारली नाही.
पिवळ्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावला,
सोबत एक कोरा फॉर्म.
‘काय घडलं?’ च्या पुढे लिहिलं :
अजून काही नाही.

आज सकाळी उजाडायच्या आत
वरून पान्याचा आवाज आला.
ठण्. दोन पावलं. ठण्.
सीगल उडाले, परत बसले.
मी खोक्यांवर नावं चिकटवत होते,
कान तिसऱ्या टप्प्यावर.
ठण्. ठण्.
मग एका जागी
तो बराच वेळ थांबला.

मी पेनाचं टोपण काढलं.