ठोकळ्यांखाली

पंपांनी रात्रभर पाणी ओढलं
आणि पहाटे माझगावच्या गोदीत
उघडं पडलं जहाजाचं पोट.
वर पांढराशुभ्र रंग, सोनेरी अक्षरांत नाव;
खाली शेवाळाची दाढी,
आणि सुकाणूच्या कडेला
बार्नेकलची वस्ती, दारूखान्याइतकी दाट.
एखादं अजून तोंड उघडतं, मिटतं,
भरतीची वाट बघतं.

मी वहीत लिहिते:
डावी बाजू, चौकट सत्तेचाळीस.
मूळ जाडी बारा, आज साडेदहा.
रंगाला फोड. फोडात पाणी.
जस्ताच्या वड्या निम्म्या विरघळलेल्या.
हे बरंय. जस्त झिजतं
तेव्हा पोलाद राहतं.
वडी कोरीकरकरीत दिसली
की मला धास्ती वाटते.

हिराजी मोकल मागून येतो.
मोऱ्याहून पहिल्या लाँचने निघालेला,
माझ्या यंत्राच्या आकड्यांकडे ढुंकूनही न बघणारा.
मान तिरकी, हातोडी हलकी:
टण.
टण. टण.
ठप्प.
"बाय, हितं पोकल हाय."
मी यंत्र वीतभर सरकवते.
चार.
वर नवा रंग,
रंगाखाली कुणीतरी घाईत लिंपलेली लांबी.

शिडीवरून कापडिया विचारतो,
"मॅडम, शुक्रवारी पाण्यात जाईल ना?"
मी खडूने वर्तुळ काढते.
ते त्याला तिथूनही वाचता येतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही वाकून तळाखाली शिरतो.
डोक्यावर चार हजार टन,
आणि ते पेलणारे तेल प्यायलेले लाकडी ठोकळे.
हिराजी एकावर तळवा ठेवतो,
गुरांच्या पाठीवर ठेवावा तसा.
"मागल्या टायमाला ठोकले कुठं व्हते?"

खरंच की.
जिथे जहाज टेकतं
तिथे ब्रश पोचत नाही, हातोडी पोचत नाही,
माझी सहीच तेवढी पोचते.
दर खेपेला तिथेच टेकलं असेल
तर ती जागा कोणी पाहिलीच नाही,
बांधणाऱ्यानंतर कोणीच.

जुना आराखडा मागवला.
कापडियाने फाईल दोनदा उलटली.
नेमकं तेच पान नाही.
म्हणजे पुन्हा पाणी भरा, जहाज उचला,
ठोकळे दोन हात सरकवा, पुन्हा टेकवा.
शुक्रवार गेला.
तो फोन लावत लांब जातो,
गोदीच्या भिंती त्याचा आवाज परत पाठवतात.

"बस, बाय. तांदलाची भाकर हाय."
मी बसते.
समोर, ठोकळा आणि पत्रा यांच्या फटीत
एक थेंब आकार धरतोय,
चहाच्या रंगाचा.
आम्ही दोघं जेवता जेवता बघतो.
अजून पडत नाही.