साल

बस. रेकॉर्डर तिथं ठेव, मिठाच्या भांड्याजवळ.
लिफ्टला नाणं होतं ना तुझ्याकडं?
आमच्या तिबिलिसीत अजून वर चढायला पैसे पडतात,
उतरणं तेवढं फुकट.
हे लिहून घेऊ नकोस.
दर मुलाखतीत मी हे सांगते
आणि दर वेळी समोरचा मान हलवत लिहून घेतो.

हं, विचार. साल? एकाहत्तर.
मी एकोणीस वर्षांची, कुताइसीहून आलेली,
अंगात मावशीचा कोट.
पडद्यावर सगळी मिळून अकरा मिनिटं,
त्यातलं दीड मिनिट लोकांच्या लक्षात:
चियातुराच्या खाणीत नवरा गेल्याची बातमी दारात येते
आणि बाई सफरचंद सोलत राहते.
साल कुठंही न तुटता लांबत जाते,
टेबलाच्या कडेवरून खाली, जमिनीपर्यंत.
बाई रडत नाही.
थिएटर रडतं.

मग एकतीस सिनेमे केले.
ट्रॅक्टर चालवला, राणी झाले, दोनदा बुडून मेले.
रुस्तावीच्या नाट्यगृहात सात हिवाळे,
ड्रेसिंगरूममध्ये शाई गोठायची.
असू दे.
बाजारात मला कुणी लामारा म्हणत नाही,
सफरचंदवाली म्हणतात.
पिशवीत एखादं जास्तीचं टाकतात, वर हट्ट:
सोलून दाखवा ना, एकदाच!
पन्नास वर्षं होत आली,
सफरचंदाला मी दात लावलेला नाही.

प्रसिद्धी कशी वाटते, म्हणतोस?
गर्दीत कुणाचा तरी कोट चुकून अंगावर यावा
आणि साऱ्या गावानं म्हणावं, काय बेतलाय!
परत करायला जावं, तर मालक सापडू नये.

नाही. थांब. हेही खोटंच.
मालक मला ठाऊक होता.

ते हात माझे नव्हते.
माझे थरथरत होते. नऊ सफरचंदं वाया घालवली,
दहाव्याला दिग्दर्शकानं कॅमेरा खाली घेतला
आणि कपडेपटातल्या नाझिब्रोलाला हाक मारली.
तिनं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या,
माझ्या पोशाखाच्या बाह्या चढवल्या
आणि बोलता बोलता सोललं.
बोलत होती धाकट्याच्या गोवराविषयी.
एका दमात झालं. दिवे विझले.
श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

मी कधी बोलले नाही.
आधी लाज, मग सवय, मग पेन्शन.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती.
पावाची रांग पहाटे चारपासून.
कुणीतरी मेणबत्ती वर धरली, म्हणालं,
अरे, हिला पुढं जाऊ द्या!
मी गेले.
रांगेत नाझिब्रोला होती की नव्हती, मला ठाऊक नाही.
ठाऊक नाही म्हणजे,
तिची शाल मी ओळखत होते.
पाव गरम होता. लिफ्ट बंदच,
पाचव्या मजल्यावर पोचेतो निम्मा संपला.

ती गेली सत्त्याण्णवला.
मयताच्या जेवणाला मी आपणहून सुरी उचलली.
गप्पा थांबल्या. सगळे माझ्या बोटांकडं.
साल तीन ठिकाणी तुटली.
वय झालं बिचारीचं,
लोक प्रेमानं म्हणाले.
तेव्हा सांगायला हवं होतं.
ताटं वाढली गेली.

बाकी काय हवं ते लिही.
पुरस्कार त्या कपाटात आहे; दार अडकतं, ओढू नकोस.
तिचं नाव मात्र नीट लिही:
ना-झि-ब्रो-ला.
घाईत लोक शेवटचं अक्षर खातात.

आणि हे काय, पिशवीत?
तूसुद्धा आणलंस.
गोरीचं दिसतंय, लाल.

घे ती सुरी. तूच सोल.
तुटली साल तर तुटू दे.
मी इथं बसते, पलीकडच्या खुर्चीत.
बघू दे मला एकदा,
बघणाऱ्याला काय दिसतं ते.